प्रसूतिकक्षात ड्यूटी कशी करावी : नव्याने रुजू होणाऱ्या परिचारिकांसाठी

जनरल वॉर्डातून लेबर रूममध्ये बदली झालेल्या परिचारिकेला पहिल्या आठवड्यातच एक फरक जाणवतो. वॉर्डात डॉक्टरांचा राऊंड होतो, आदेश लिहिले जातात आणि परिचारिका ते पार पाडते. प्रसूतिकक्षात मात्र कळा सुरू असलेल्या स्त्रीजवळ सलग सहा-आठ तास असते ती परिचारिकाच, आणि डॉक्टर येतात ते बहुधा तिने बोलावल्यावर. बिघाड होत असेल तर तो सर्वांत आधी तिलाच दिसणार असतो. तो वेळेत दिसणे, दिसल्याबरोबर कागदावर उतरणे आणि योग्य माणसाच्या कानावर जाणे, एवढे साधले की बाकीचे कौशल्य हाताला हळूहळू येते. पुढील मजकूर महाराष्ट्रातील उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय आणि मध्यम आकाराचे खाजगी प्रसूतिगृह डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. औषधांच्या मात्रा ओळख व्हावी म्हणून दिल्या आहेत. आपल्या रुग्णालयाचा लेखी प्रोटोकॉल आणि डॉक्टरांचा आदेश हेच अंतिम मानावेत.

पात्रतेविषयी थोडक्यात. तीन वर्षांचा जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसाविका) किंवा चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रम, आणि त्यानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे परिचारिका व प्रसाविका म्हणून नोंदणी, ही किमान गरज आहे. नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि ते विसरलेल्या परिचारिका प्रत्येक रुग्णालयात एक-दोन तरी सापडतात. सरकारी सेवेत आपले पद अधिपरिचारिका, वर परिसेविका आणि त्यावर अधिसेविका. कुशल प्रसूतिसेवेचे २१ दिवसांचे प्रशिक्षण मिळाले तर ते टाळू नये. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘लक्ष्य’ या उपक्रमात प्रसूतिकक्षाची गुणवत्ता तपासली जाते. त्याच्या तपासणी याद्या रुक्ष वाटल्या तरी नव्या परिचारिकेला आपला कक्ष कसा असायला हवा हे शिकण्यासाठी त्याहून सोपे साधन नाही.

ड्यूटीआधीची वीस मिनिटे

ड्यूटीच्या वेळेआधी वीस मिनिटे पोहोचावे. हा शिस्तीचा प्रश्न नाही. सामान तपासायला तेवढा वेळ लागतो आणि एकदा कोणी कळा देत आत आली की तो वेळ पुन्हा मिळत नाही. सरकारी पद्धतीत लेबर रूममध्ये सात ट्रे मांडलेले असतात : प्रसूतीचा, एपिझिओटमीचा (योनिमार्ग रुंद करण्यासाठी दिलेला छेद), बाळाचा, नेहमीच्या औषधांचा, तातडीच्या औषधांचा, एमव्हीएचा (हाताने ओढ देऊन गर्भाशय रिकामे करण्याचे साधन) आणि प्रसूतीनंतर तांबी बसवण्याचा. ट्रेवर चिठ्ठी आहे आणि आत काहीतरी भरलेले दिसते आहे, एवढ्यावर सही करू नये. मी नवीन असताना एका रुग्णालयात बाळाच्या ट्रेमध्ये अँबू बॅग (हाताने पिळून श्वास देण्याची पिशवी) होती, तिची नोंदही रोज होत होती, पण मास्क मोठ्या माणसाचा होता. हे कळले ते बाळ जन्मून न रडल्यावर. सुदैवाने शेजारच्या ऑपरेशन थिएटरमधून मास्क मिळाला. त्या दिवसापासून मी बॅग हातात घेते, तळव्यावर मास्क दाबून बॅग पिळून पाहते, दोन्ही मापांचे मास्क मोजते, सक्शन चालू करून बोटावर ओढ जाणवते का ते पाहते आणि ऑक्सिजन सिलिंडरचा काटा वाचते.

गर्भाशय आकसवणारे ऑक्सिटोसिन फ्रिजमध्येच, म्हणजे २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवलेले असावे. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात ट्रेमध्ये दिवसभर पडलेल्या ॲम्प्यूलवर ऐन रक्तस्रावाच्या वेळी भरवसा ठेवता येत नाही. मॅग्नेशियम सल्फेट (झटक्यांवरचे), कॅल्शियम ग्लुकोनेट (त्यावरचा उतारा) आणि ट्रानेक्सामिक ॲसिड (रक्तस्राव थांबवणारे) यांचे साठे मोजावेत, मुदत वाचावी. रक्तपेढीचा, भूलतज्ज्ञांचा, बालरोगतज्ज्ञांचा आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत हवा. महाराष्ट्रात तातडीची रुग्णवाहिका १०८ वर मिळते. बाळाला ऊब देणारा वॉर्मर प्रसूतीच्या अर्धा तास आधी सुरू करावा. कक्षातले घड्याळ एकच असावे आणि ते बरोबर असावे, कारण बाळाची जन्मवेळ त्यावरून लिहिली जाते आणि पुढे पत्रिका मांडणाऱ्यांपासून न्यायालयापर्यंत सर्व जण तीच वेळ विचारतात.

दारातून आत येणारी स्त्री

केसपेपर काढण्याआधी स्त्रीकडे पाहावे. रक्त जाते आहे का, झटके येऊन गेले आहेत का, बाळाचे डोके दिसू लागले आहे का, नाळ बाहेर आली आहे का, ती बोलताना अडखळते का, हे दाराशीच अर्ध्या मिनिटात कळते आणि यांपैकी काहीही असेल तर कागद नंतर. अंगावरून रक्त जात असताना आतून तपासणी करू नये, हा नियम पहिल्याच दिवशी पाठ करावा. वार (प्लेसेंटा) खाली असेल तर बोटाच्या धक्क्यानेसुद्धा रक्ताचा लोट सुरू होतो.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी दुसऱ्या तालुक्यातून, कधी दुसऱ्या जिल्ह्यातून येते आणि तिच्या आधीच्या तपासण्या, सोनोग्राफी, रक्तगट हे सारे सासरच्या डॉक्टरांकडे किंवा नवऱ्याच्या मोबाईलमध्ये राहते. नवऱ्याला तेव्हाच फोन लावून फोटो मागवावेत. बीड, अहिल्यानगर किंवा नाशिक भागातून ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातील स्त्री गाळप हंगामात कारखान्याजवळच्या रुग्णालयात येते तेव्हा अनेकदा माता-बाल संरक्षण कार्डही जवळ नसते. तेव्हा तिला रागावून उपयोग नाही. हिमोग्लोबिन, रक्तगट, एचआयव्ही, कावीळ बी, सिफिलिस आणि लघवीतील प्रथिने यांचे नमुने लगेच पाठवावेत, पोटावर आधीच्या सिझरचा व्रण आहे का ते स्वतः पाहावे, कारण ‘पोटाचे ऑपरेशन’ म्हणजे सिझर की आणखी काही, हे पुष्कळ जणींना सांगता येत नाही.

शेवटच्या पाळीची तारीख विचारली की उत्तर तारखेत येतेच असे नाही. ‘नागपंचमीच्या आदल्या आठवड्यात’, ‘गौरी बसल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी’ असे सांगितले जाते, आणि ते तारखेपेक्षा अधिक विश्वासार्ह असते. म्हणून लेबर रूममध्ये चालू आणि मागील अशा दोन्ही वर्षांची सणवार असलेली कॅलेंडरे ठेवावीत, सण शोधून तारीख काढावी आणि तिच्यात नऊ महिने सात दिवस मिळवावेत.

दाखल करून घेताना तिच्याशी बोलण्याची पद्धत ठरते आणि ती पुढे बाळ जन्मेपर्यंत टिकते. नाव विचारून नावाने किंवा ‘ताई’ म्हणून हाक मारावी. वयाने लहान असली तरी ‘अहो’ने सुरुवात केल्यास काही बिघडत नाही. पडदा ओढल्याशिवाय कपडे सारू नयेत, आणि आतून तपासण्याआधी काय करणार आहोत ते सांगून तिचा होकार घ्यावा. कळांनी ओरडणाऱ्या स्त्रीला उद्देशून मारला जाणारा एक ठरावीक टोमणा महाराष्ट्रातल्या प्रत्येक परिचारिकेने ऐकलेला आहे. तो येथे लिहिण्याची गरज नाही. तो उच्चारणारी सीनियर असली तरी त्यावर हसू नये. ज्या स्त्रीला पहिल्या तासात अपमान वाटला ती नंतर डोके दुखते आहे, डोळ्यांपुढे अंधारी येते आहे, हे सांगायलाही घाबरते, आणि तेवढीच माहिती आपल्याला हवी असते. शक्य असेल तेथे तिच्या ओळखीची एक स्त्री, आई, बहीण किंवा सासू, सोबतीला आत बसू द्यावी. सोबतीण असली की कळा कमी होत नाहीत, पण बाळंत होणारी घाबरत नाही आणि आपल्यालाही दोन हात जास्त मिळतात. शेव्हिंग, एनिमा, सरसकट टाक्यांचा छेद आणि बाळ लवकर यावे म्हणून पोट दाबणे या जुन्या सवयींना आता आधार उरलेला नाही. पोट दाबणे तर धोक्याचे आहे.

पार्टोग्राफ : लिहायचा कधी आणि वाचायचा कसा

पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूतीची प्रगती नोंदवणारा आलेख, प्रसूती झाल्यावर एका बैठकीत भरला जातो, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. असा भरलेला कागद तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यासाठी असतो, त्या स्त्रीसाठी नाही. सरकारी नमुन्यात पिशवीचे, म्हणजे गर्भाशयाचे, तोंड चार सेंटिमीटर उघडले आणि कळा नियमित झाल्या की आलेख सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आणलेल्या नव्या नमुन्यात ती सुरुवात पाच सेंटिमीटरवर आहे. आपल्याकडे कोणता नमुना आहे ते आधी विचारावे आणि दोन्हींची सरमिसळ करू नये.

सरकारी नमुन्याचा क्रम असा. दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके, दहा मिनिटांतील कळांची संख्या व प्रत्येक कळेचा काळ, आणि आईची नाडी. दर चार तासांनी रक्तदाब, ताप आणि आतून तपासणी. चार तासांपेक्षा लवकर आतून तपासायचे असेल तर त्याला कारण हवे, कारण पाणमोट फुटल्यानंतर प्रत्येक तपासणीबरोबर जंतू आत जाण्याची शक्यता वाढते. शिकाऊ डॉक्टर, विद्यार्थिनी आणि ड्यूटीवरील परिचारिका अशा तिघींनी एकाच तासात तपासणी करणे थांबवणे हे आपले काम आहे, आणि ते नम्रपणे करता येते.

बाळाचे ठोके कळ संपल्याबरोबर आणि पूर्ण एक मिनिट मोजावेत. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याची सवय येथे घातक ठरते, कारण कळेनंतर ठोके मंदावतात का आणि किती वेळाने पूर्ववत होतात, हेच पाहायचे असते. ११० ते १६० ही सर्वमान्य मर्यादा आहे. काही छापील तक्त्यांत १२० ते १६० दिलेली असते. डॉपलरवर (ठोके ऐकवणाऱ्या यंत्रावर) ११० च्या आसपास आकडा आला तर त्याच वेळी आईची नाडी हाताने मोजावी, कारण पुष्कळदा यंत्र आईचेच ठोके दाखवीत असते. पाणी स्वच्छ आहे, रक्तमिश्रित आहे की हिरवट आहे, याचे ठरलेले अक्षर न विसरता चौकटीत लिहावे.

आलेखावर दोन तिरप्या रेषा असतात. पहिली तासाला एक सेंटिमीटर या गतीची इशारा-रेषा, आणि तिच्या उजवीकडे चार तासांच्या अंतरावर कृती-रेषा. नव्या परिचारिकेचा गोंधळ येथे होतो : इशारा-रेषा ओलांडली तरी स्त्री शांत असते, ठोके चांगले असतात, म्हणून ‘अजून तासभर बघू’ असे वाटते. जेथे सिझरची सोय नाही तेथे हाच तासभर रस्त्यात खर्च व्हायचा असतो. इशारा-रेषा ओलांडणे म्हणजे डॉक्टरांना कळवणे आणि पाठवायचे असेल तर गाडी बोलावणे. कृती-रेषेपर्यंत पोहोचण्याची वाट पाहू नये.

कळा वाढवण्याच्या इंजेक्शनाविषयी एक स्पष्ट सूचना. बाळ जन्मण्याआधी ऑक्सिटोसिन स्नायूत कधीही द्यायचे नाही. नातेवाईक ‘कळांचे इंजेक्शन द्या ना सिस्टर’ म्हणून मागे लागतात आणि काही ठिकाणी ते पूर्वी सर्रास दिले जाई. त्यातून पिशवी फाटलेल्या आणि बाळ गुदमरलेल्या केसेस मी पाहिल्या आहेत. डॉक्टरांचा लेखी आदेश, सलाईनमधून मोजून दिलेला वेग आणि शेजारी बसून कळा मोजणारी परिचारिका या तीन गोष्टी असतील तरच ते चालू राहते. दहा मिनिटांत पाचपेक्षा अधिक कळा येऊ लागल्या किंवा ठोके बिघडले, तर प्रथम ड्रिप बंद करावी आणि मग फोन करावा.

रात्री अडीचचा फोन

डॉक्टरांना रात्री उठवण्याचा संकोच हा लेबर रूममधील सर्वांत महागडा संकोच आहे. तो जाण्यासाठी धीट स्वभावाची गरज नाही. काय बोलायचे ते आधी चार ओळींत लिहून घेतले की आवाज आपोआप स्थिर होतो. ‘मॅडम, पेशंट जरा डल वाटते आहे’ या वाक्यावर झोपेतला माणूस ‘बघा आणि कळवा’ एवढेच म्हणणार. त्याऐवजी असे बोलावे :

‘मॅडम, लेबर रूममधून स्टाफ बोलते आहे. तीन नंबरच्या टेबलवरच्या पेशंटसाठी फोन केला आहे. पहिलटकरीण, २२ वर्षे, ३९ आठवडे, आधीचा काही त्रास नाही. साडेदहाला सहा सेंटिमीटर होते, आता अडीचलाही सहाच आहे, इशारा-रेषा ओलांडली आहे. पाणी हिरवट आहे. कळेनंतर ठोके १०० पर्यंत उतरतात आणि अर्ध्या मिनिटाने वर येतात. डाव्या कुशीवर वळवले आहे, सलाईन लावली आहे, रक्ताचा नमुना पाठवला आहे. आपण आत्ता येऊन पाहावे असे मला वाटते. थिएटरला तयारीत राहायला सांगू का?’

कोण बोलते आहे, कोणाविषयी, काय होते, आता काय आहे, आपण काय केले आणि आपल्याला काय हवे आहे, हे सर्व यात आले. शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आणि तेच बहुतेक जणी गिळतात. फोनवर मिळालेला आदेश परत वाचून दाखवावा, वेळेसह लिहावा आणि डॉक्टर आल्यावर त्यावर सही घ्यावी. उत्तर समाधानकारक वाटले नाही तर पुन्हा फोन करावा. दुसऱ्यांदाही तसेच झाले तर परिसेविकेला किंवा वरच्या डॉक्टरांना कळवावे आणि तेही वेळेसह लिहावे. याने कोणी दुखावले जाते, हे खरे आहे.

बाळ आणि वार

तोंड पूर्ण उघडल्यानंतर स्त्रीला जोर लागेल तेव्हाच कुंथू द्यावे. आधीपासून ‘लाव जोर’ म्हणून ओरडल्याने ती थकते आणि काही मिळत नाही. या टप्प्यात ठोके दर पाच मिनिटांनी ऐकावेत. पाठीवर सपाट झोपवण्याऐवजी डोक्याकडची बाजू उंच करावी किंवा तिला कुशीवर सोयीचे वाटत असेल तर तसे राहू द्यावे. डोके बाहेर येताना पेरिनियमला (योनी व गुदद्वार यांमधल्या भागाला) हाताचा आधार द्यावा, नाळ मानेभोवती आहे का ते बोटाने पाहावे, आणि खांद्यासाठी ओढाओढ न करता पुढच्या कळेची वाट पाहावी.

बाळ जन्मताच वेळ मोठ्याने उच्चारावी. पंखा बंद आणि खोली निदान २५ अंश असावी. बाळ आईच्या पोटावर घेऊन कोरड्या, उबदार कापडाने पुसावे. पुसतानाच ते रडते किंवा श्वास घेते का ते कळते. रडत असेल तर नाक-तोंडात सक्शनची नळी घालण्याची गरज नाही. बाळ आईच्या अंगालाच ठेवावे, नाळ एक ते तीन मिनिटांनी बांधावी आणि पहिल्या तासात छातीला लावावे. बाहेर आजी मधाची बाटली किंवा गूळपाणी घेऊन उभी असते. तिला हाकलण्यापेक्षा आत बोलावून चीक दाखवावा आणि ‘आजी, पहिले चाटण हेच’ असे सांगावे. मला तरी यापेक्षा परिणामकारक समुपदेशन सापडलेले नाही.

रडत नसेल तर पहिले मिनिट सर्वस्व आहे. मान किंचित मागे, तोंड आणि मग नाक साफ, पाठीवर हलके चोळणे, आणि तरीही श्वास नसेल तर जन्मापासूनचे पहिले मिनिट संपण्याआत बॅग-मास्कने श्वास सुरू झालेला हवा, मिनिटाला ४० ते ६० या वेगाने. प्रत्येक दाबाबरोबर छाती उचलली जाते का ते पाहावे. उचलली जात नसेल तर मास्क नीट बसलेला नाही किंवा मान सरळ नाही. हे हात मॅनिकिनवर (सरावाच्या बाहुलीवर) दर महिन्याला चालवावेत.

जन्मानंतर एका मिनिटाच्या आत, पोटात दुसरे बाळ नाही याची खात्री करून, आईला मांडीत ऑक्सिटोसिनची १० युनिट द्यावीत. आपल्याकडील ॲम्प्यूल सामान्यतः ५ युनिटची असते, म्हणजे दोन लागतात. पिशवी आकसल्यावर एका हाताने ओटीपोटावर आधार देऊन नाळ हलकेच ओढून वार काढावी, आणि काढलेली वार दोन्ही बाजूंनी पसरून पूर्ण आहे का ते पाहावे. वारेचा कपभर तुकडा आत राहिला तर रात्रभर रक्त जात राहते.

रक्त

प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन तासांत दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवावा. पिशवी घट्ट गोळा लागली पाहिजे; मऊ लागली तर लगेच चोळावी आणि लघवीची पिशवी रिकामी करावी, कारण भरलेल्या मूत्राशयामुळे गर्भाशय आकसत नाही. रक्त डोळ्यांनी मोजता येत नाही. चादरीवर पसरलेले, साडीच्या घडीत मुरलेले आणि बादलीत पाण्यात मिसळलेले रक्त आपण नेहमी कमी धरतो. मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी कमरेखाली लावावी. नसेल तर पॅड कोरडे आणि भिजलेले वजन करावेत, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. ५०० मिलिलिटर ही पारंपरिक मर्यादा आहे, पण सात ग्रॅम हिमोग्लोबिनच्या बाईला तेवढे रक्त जाईपर्यंत थांबणे परवडत नाही. नाडी वाढत जाऊन तिचा आकडा रक्तदाबाच्या वरच्या आकड्याला गाठू लागला तर मोजपट्टी काहीही सांगो, मदत बोलवावी.

पूर्वी आपण एकेक उपाय करून पाहत असू : आधी चोळणे, मग औषध, मग सलाईन, मग पुढचे औषध. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथे झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने ही सवय बदलली. रक्त मापाच्या पिशवीत मोजून लवकर ओळखणे आणि मग पिशवी चोळणे, ऑक्सिटोसिन, ट्रानेक्सामिक ॲसिड, शिरेतून सलाईन व रक्त कोठून येते याची तपासणी हे सर्व एकत्रच करणे, यामुळे गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडण्याची वेळ आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी कमी झाले. म्हणून ‘एकीने चोळायचे, दुसरीने दोन जाड सुया लावायच्या, तिसरीने औषध भरायचे आणि वेळ लिहायची’ ही वाटणी ड्यूटीच्या सुरुवातीलाच करून ठेवावी. ट्रानेक्सामिक ॲसिड एक ग्रॅम, दहा मिनिटांत हळू, आणि प्रसूतीपासून तीन तासांच्या आत. पिशवी घट्ट आहे तरीही रक्त जाते आहे, तर फाटलेले कोठे आहे ते शोधावे. वार अपुरी आहे का आणि रक्त गोठते आहे का, हेही त्याच दमात पाहावे. रात्रपाळीला दोघीच असाल तर मावशींनाही पॅड मोजणे आणि रक्तपेढीकडे धावणे आधीच शिकवून ठेवावे. माझ्या अनुभवात मावशी हे काम डॉक्टरांच्या शिकाऊ मुलांपेक्षा नीट करतात.

झटके

रक्तदाब १४०/९० किंवा अधिक, आणि त्याबरोबर डोकेदुखी, अंधारी किंवा छातीखाली दुखणे असेल तर ती स्त्री दाराजवळच्या नव्हे, आपल्या नजरेसमोरच्या खाटेवर हवी. झटके आले तर प्रथम कुशीवर वळवणे, तोंड साफ ठेवणे, ऑक्सिजन. तोंडात चमचा घालू नये. मॅग्नेशियम सल्फेटची प्रचलित पहिली मात्रा १४ ग्रॅमची आहे : ४ ग्रॅम पातळ करून शिरेतून सावकाश आणि १० ग्रॅम दोन्ही नितंबांत खोल, प्रत्येकी ५. आपल्याकडे २ मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमध्ये एक ग्रॅम असते, म्हणून चौदा ॲम्प्यूल एका डब्यात, सिरिंज आणि मात्रेच्या चिठ्ठीसह बांधून ठेवावीत. पुढची प्रत्येक मात्रा देण्याआधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया (नी-जर्क), मिनिटाला निदान १६ श्वास आणि चार तासांत १०० मिलिलिटर लघवी यांची खात्री करावी. कॅल्शियम ग्लुकोनेट उशाशी असावे.

मुलगा की मुलगी

बाळाचे लिंग आपण जाहीर करण्याऐवजी बाळ आईसमोर धरून ‘ताई, बघा, काय झाले?’ असे विचारावे आणि तिच्या तोंडून उत्तर घ्यावे, सोबतीणीसमोर. बाळ बदलल्याच्या आरोपांपासून यापेक्षा चांगले संरक्षण नाही. लगेच आईच्या व बाळाच्या मनगटाला एकसारख्या पट्ट्या, पायाचा ठसा, वजन आणि वेळ. मुलगी झाल्यावर बाहेरच्या बाकावर पसरणारी शांतता आपल्याला परिचित आहे. तेथे जाऊन सांगताना आपला आवाज जराही खाली जाऊ देऊ नये आणि ‘पुढच्या वेळी’ हे शब्द चुकूनही बोलू नयेत. मुलगा झाला म्हणून दिली जाणारी बक्षिसी घ्यायची नाही, मावशींनाही घेऊ द्यायची नाही. सरकारी रुग्णालयात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे २०११ पासून प्रसूती, सिझर, औषधे, रक्त आणि आहार मोफत आहेत, हे त्या कुटुंबाला आपणच सांगावे. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायची असते, त्यासाठी आईचे नाव आधार कार्डावरील लेखनाप्रमाणे लिहून घ्यावे. एका वेलांटीसाठी पुढे वर्षभर खेटे घालावे लागतात.

बाळ मृत जन्मले तर ‘देवाची इच्छा’ असे काही बोलू नये. आईला सांगताना डॉक्टरांबरोबर उभे राहावे, बाळ पुसून, दुपट्यात गुंडाळून, पाहायचे आहे का असे विचारावे आणि ती पाहील तितका वेळ द्यावा. पुष्कळ जणी आधी नाही म्हणतात आणि तासाभराने हाक मारतात, म्हणून बाळ घाईने हलवू नये. तिची खाट इतर बाळंतिणींच्या रांगेत लावू नये. तिसऱ्या दिवशी दूध भरून येईल, छाती दुखेल, हे घरी सोडण्याआधी कोणीतरी सांगावेच लागते आणि बहुधा कोणीच सांगत नाही. फाईलच्या वर एखादी ठरलेली खूण लावावी, म्हणजे नंतर येणारी लसीकरणाची सिस्टर ‘बाळ कुठे आहे?’ असे विचारत आत शिरत नाही.

स्वतःविषयी

कावीळ बीच्या लसीचे तीन डोस पूर्ण करावेत. सुई टोचली तर लपवू नये. साबण-पाण्याने धुऊन लगेच कळवावे, कारण एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. वार पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात, सलाईनच्या नळ्या व हातमोजे लाल पिशवीत, काचेच्या ॲम्प्यूल निळ्या डब्यात. टेबलाची उंची आपल्या कमरेला जुळवून घ्यावी. पाणी प्यावे आणि लघवीला जावे. बारा तासांत एकदाही न गेलेल्या परिचारिका दुसऱ्यांच्या लघवीचे तक्ते भरत असतात.

ड्यूटी देताना कागद हातात घेऊन खाटेजवळ उभे राहावे, टेबलाशी बसून नव्हे. येणाऱ्या सिस्टरचा हात प्रत्येक बाळंतिणीच्या पोटावर आपल्यासमोर पडू द्यावा, पॅड दोघींनी पाहावा, बाळाची पट्टी दोघींनी वाचावी, चालू सलाईनमध्ये काय आणि किती वाजता मिसळले ते सांगावे, फ्रिजमधली ऑक्सिटोसिनची ॲम्प्यूल एकत्र मोजावीत, आणि मग रजिस्टरवर वेळ लिहून दोघींनी सही करावी.